जुन्या बुलेटच्या इंजिनाभोवती ट्रायल्सची चासी: बांधणी आणि चालवणे

ट्रायल्स हा मोटरसायकलचा खेळ आहे, पण वेगाचा नाही. खडक, ओहोळ, झाडांची मुळे आणि निसरडे चढ यांतून आखलेल्या छोट्या टप्प्यातून पाय जमिनीला न टेकवता गाडी बाहेर काढायची, एवढेच त्यात अपेक्षित असते. सर्वसाधारण पद्धतीनुसार पाय एकदा टेकला तर १ दंडगुण, दोनदा टेकला तर २, त्याहून अधिक वेळा टेकला तर ३ आणि टप्पा पूर्णच करता आला नाही तर ५ दंडगुण पडतात. ज्याचे दंडगुण सर्वांत कमी, तो जिंकतो. सत्तरी, सांगे आणि धारबांदोडा तालुक्यांत जांभ्याचे कातळ, पावसाळ्यात त्यांवर चढणारे शेवाळ आणि कुळागरांच्या (सुपारी-नारळाच्या बागांच्या) कडेने वाहणारे ओहोळ पाहिले, की गोव्याची भूमी या खेळासाठीच घडली असावी असे मला नेहमी वाटते.

जुन्या यंत्रांच्या ट्रायल्समध्ये १९६५ हे वर्ष सीमारेषेसारखे मानले जाते, आणि त्याला कारण आहे. सॅमी मिलर यांनी १९६४ मध्ये ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ एरियलच्या ५०० सीसी फोर-स्ट्रोक गाडीवर जिंकली आणि १९६५ मध्ये तीच स्पर्धा बुल्टाको शेर्पा या हलक्या टू-स्ट्रोक गाडीवर जिंकली. त्यानंतर जड फोर-स्ट्रोक गाड्यांचे युग संपले. त्या गाड्या जपण्यासाठी पुढे ‘प्री-६५’ (१९६५ पूर्वीच्या गाड्यांचा) हा वर्ग रुजला, आणि त्याबरोबर जुने इंजिन कायम ठेवून त्याच्याभोवती खास चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, बांधण्याची कलाही टिकली. बीएसए बँटम या ब्रिटिश मोटरसायकलसाठीची ड्रेटन चासी हे त्याचे परिचित उदाहरण. आपल्याकडे मात्र या परंपरेतले सर्वांत जवळचे इंजिन घराघरांत पोहोचलेले आहे. रॉयल एनफिल्डने मागे स्विंगआर्म (मागचे चाक धरणारी, वर-खाली हलणारी चौकट) असलेली बुलेट १९४८ मध्ये ‘कोलमोर कप’ या ट्रायलमध्येच प्रथम उतरवली होती, आणि जॉनी ब्रिटन यांनी १९५२ व १९५७ मध्ये ‘स्कॉटिश सिक्स डेज’ एनफिल्डवर जिंकली. म्हणून या लेखात ३५० सीसीच्या जुन्या कास्ट आयर्न बुलेटचे इंजिन गृहीत धरले आहे.

बांधणीला हात घालण्यापूर्वी कायद्याची बाजू स्पष्ट असावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातील तपशिलांशी न जुळणारा बदल वाहनात करता येत नाही. त्यामुळे नव्या चासीवरची गाडी रस्त्यावर आणण्याचा विचारच करू नये. ती पिकअपवर चढवून सरावाच्या जागी न्यावी. ज्या बुलेटचे इंजिन घेतले तिची मूळ चासी कापू नये, तिच्यावरील क्रमांक घासू नये, आणि कागदपत्रांसह ती कोरड्या जागी जपून ठेवावी.

आता मुख्य विषय. खास चासी म्हणजे हलकी चासी, अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि माझ्या मते ती अपुरी आहे. वजन कमी होणे हा तिचा दुसरा लाभ. पहिला लाभ हा, की उभ्या चालकाचे पाय नेमके कोठे असावेत हे बांधणाऱ्याला ठरवता येते. रस्त्यावरची गाडी बसलेल्या माणसासाठी आखलेली असते, तर ट्रायल्सची गाडी उभ्या माणसासाठी. म्हणून आराखड्याची सुरुवात इंजिनापासून नव्हे, तर फूटरेस्टपासून करावी. ते मूळ जागेपेक्षा मागे, गिअरबॉक्सच्या पाठीमागे आणि स्विंगआर्मच्या खिळीजवळ येतात. फार पुढे राहिले तर पुढचे चाक उचलण्यासाठी हातांनी ओढाताण करावी लागते. फार मागे गेले तर चढावर पुढचे चाक हलके होऊन भरकटते. चालकाची उंची आणि वजन यांनुसार ही जागा बदलत असल्याने कोणाचेही माप डोळे झाकून उतरवू नये. फूटरेस्टच्या पट्टीत लांबट भोके ठेवून गाडी आधी कच्च्या स्वरूपात उभी करावी, चालकाने तिच्यावर उभे राहावे, हँडल सोडूनही तोल राहतो का ते पाहावे, आणि मगच ती जागा कायम करावी. फूटरेस्ट मागे सरकले, की उजवीकडचा गिअरचा दांडा आणि डावीकडचे ब्रेकचे पेडल नव्याने बनवावे लागते. जुन्या बुलेटमध्ये गिअर उजव्या पायाला असतो.

दुसरा निर्णय स्टिअरिंगच्या कोनाचा. ट्रायल्ससाठी फोर्कचा (पुढचे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यांचा) कोन उभ्या रेषेपासून साधारण २६ अंश आणि दोन चाकांमधील अंतर १३०० ते १३४० मिमीच्या दरम्यान ठेवतात. या कोनातून ‘ट्रेल’ ठरतो, म्हणजे स्टिअरिंगची रेषा जमिनीला जेथे मिळते ते ठिकाण आणि टायर जेथे टेकतो ते ठिकाण यांमधील अंतर. तो काढण्याचे गणित सोपे आहे: चाकाच्या त्रिज्येला कोनाच्या साइनने गुणावे, त्यातून फोर्कचा ऑफसेट (स्टिअरिंगच्या रेषेपासून चाकाचा आस जितका पुढे असतो ते अंतर) वजा करावा आणि उरलेल्याला त्याच कोनाच्या कोसाइनने भागावे. टायरसह त्रिज्या ३३५ मिमी, कोन २६ अंश आणि ऑफसेट ६५ मिमी असेल तर ट्रेल सुमारे ९१ मिमी येतो. तोच कोन २८ अंश केला तर ट्रेल १०४ मिमीच्या पुढे जातो. दोन अंशांनी एवढा फरक पडतो. ट्रेल वाढला की वेगात गाडी सरळ धावते, परंतु चालण्याच्या गतीने हँडल पूर्ण वळवताना पुढचे चाक आतल्या बाजूला कोसळू लागते. म्हणून वेल्डिंगपूर्वी हे गणित कागदावर करावे, आणि वेल्डिंगनंतर कोन प्रत्यक्ष मोजून त्याच्याशी ताडून पाहावे.

इंजिन कसे धरावे? जुन्या बुलेटच्या मूळ चासीत इंजिनाखालून नळ्या जात नाहीत. इंजिन स्वतःच चासीचा भाग बनते. तेच तत्त्व पुढे चालवावे, कारण खाली नळी नसल्याने जमिनीपासूनची उंची वाढवता येते. बुलेटचे तेल क्रँककेसमध्येच (इंजिनाच्या खालच्या कवचातच) राहत असल्याने वेगळी टाकी बसवावी लागत नाही, परंतु त्यामुळेच क्रँककेसला खडक लागणे महागात पडते. इंजिनाखाली ५ ते ६ मिमी जाडीची कठीण ॲल्युमिनियमची पत्री पुढच्या नळीपासून मागच्या इंजिन-प्लेटपर्यंत लावावी आणि ती सहज उघडता येईल अशी ठेवावी. जमीन आणि पत्री यांत २८० मिमी अंतर साधले तर उत्तमच.

नळ्या सीमलेस (उभा सांधा नसलेल्या), कोल्ड-ड्रॉन (थंड अवस्थेत ओढलेल्या) पोलादाच्या घ्याव्यात. मुख्य नळ्यांसाठी २८ ते ३२ मिमी व्यास आणि सुमारे २ मिमी जाडी पुरते, तर मागच्या उपचौकटीसाठी २० ते २२ मिमी व्यास चालतो. इंग्लिश कारागीर ज्या रेनॉल्ड्स ५३१ या मिश्रपोलादाच्या नळ्या वापरत, त्या वितळवून जोडल्यास सांध्याजवळ दुबळ्या होतात. म्हणून त्या पितळी ब्रेझिंगने, म्हणजे नळी न वितळवता सांध्यात पितळ ओतून, जोडल्या जात. साध्या सीमलेस नळीला टिग वेल्डिंग योग्य असते. जिग, म्हणजे भाग जागच्या जागी धरून ठेवणारा साचा, मात्र टाळू नये. जाड, सपाट लोखंडी पाटावर स्टिअरिंगची नळी, इंजिनाचे बोल्ट आणि स्विंगआर्मची खीळ या तिन्ही गोष्टी घट्ट धरून ठेवाव्यात, आधी सर्व सांधे टाक्यांनी पकडावेत, मग डावीकडचा एक आणि उजवीकडचा एक अशा क्रमाने पूर्ण करावेत, म्हणजे उष्णतेने चासी एका बाजूला ओढली जात नाही. स्टिअरिंगच्या नळीचे सांधे अनुभवी वेल्डरकडूनच करून घ्यावेत. तेथे तुटलेली चासी चालकाच्या जिवावर बेतू शकते. गोव्याच्या दमट, खाऱ्या हवेत नळ्या आतून गंजतात, म्हणून वायू बाहेर जाण्यासाठी ठेवलेली भोके काम संपल्यावर बुजवावीत. रंगाचा थर पातळ ठेवावा. जाड पावडर कोटिंगखाली पडलेली चीर दिसत नाही.

बाकीच्या भागांचे थोडक्यात. पुढे २१ इंची आणि मागे १८ इंची चाक हे ट्रायल्सचे रूढ माप आहे. टायर ट्रायल्सचेच असावेत, चौकोनी ठोकळ्यांचे आणि मऊ बाजूंचे, कारण त्यांत हवा फार कमी ठेवावी लागते: मागे सुमारे ४ ते ५ पीएसआय आणि पुढे त्याहून किंचित अधिक. एवढ्या कमी हवेत टायर रिमवर फिरू नये म्हणून रिम-लॉक (टायर रिमला घट्ट दाबून धरणारा तुकडा) अत्यावश्यक आहे. इंजिनाची ताकद वाढवण्याच्या मागे लागू नये. बुलेटचे जड फ्लायव्हील (इंजिनाची गती सांभाळणारे फिरते चाक) हीच तिची खरी संपत्ती आहे. ते हलके करून घेऊ नये, उलट मागचा स्प्रॉकेट मोठा लावून पहिला गिअर चालण्याच्या गतीपर्यंत खाली आणावा. इग्निशन तोडणारी दोरी मनगटाला बांधावी, म्हणजे चालक पडताच इंजिन बंद होते.

चालवण्याचा सराव सपाट जागेवर सुरू करावा. अंगणात नारळाच्या करवंट्या मांडून त्यांच्याभोवती इंग्रजी आठच्या आकारात, उभे राहून, हळूहळू लहान होत जाणारी वळणे घ्यावीत. तळव्यांचा पुढचा भाग फूटरेस्टवर, गुडघे किंचित वाकलेले, एक बोट क्लचवर आणि एक पुढच्या ब्रेकवर. वळताना गाडी आत झुकवावी आणि शरीर बाहेर ठेवून बाहेरच्या फूटरेस्टवर भार द्यावा. नजर पुढच्या चाकावर नव्हे, तर दोन गाड्यांच्या अंतरावर असावी. हे अंगवळणी पडेपर्यंत खडकाकडे वळू नये.

जांभ्याची पायरी चढताना गाडी आधी पायांनी दाबून सोडावी, त्याच क्षणी थोडा थ्रॉटल देऊन पुढचे चाक हलके करावे, आणि मागचे चाक पायरीला भिडण्यापूर्वी थ्रॉटल बंद करून गुडघे सैल सोडावेत; मागचे चाक वर आलेल्या गतीने चढते, इंजिनाच्या जोराने नव्हे. शेवाळलेल्या कातळावर पहिल्याऐवजी दुसरा गिअर घ्यावा, कारण चाकाला मिळणारा जोर जितका सौम्य, तितकी पकड अधिक टिकते. उतारावर क्लच दाबून गाडी मोकळी सोडू नये. फोर-स्ट्रोक इंजिनाची रोखणारी शक्ती दोन्ही ब्रेकांपेक्षा विश्वासार्ह असते. आणि प्रत्येक टप्पा चालवण्यापूर्वी पायी फिरून पाहावा, विशेषतः पाण्याखालचे दगड काठीने चाचपून.

सरावाची जागा निवडताना खाजगी जमिनीच्या मालकाची किंवा कोमुनिदादची (गावाची सामूहिक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची) लेखी परवानगी घ्यावी. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला आणि भगवान महावीर या अभयारण्यांच्या हद्दीत गाडी नेऊ नये, समुद्रकिनाऱ्यावर नेऊ नये, आणि खाजन (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या) शेतीच्या बांधांवर तर कदापि नेऊ नये. चाकांनी खचलेला बांध फुटला, की खारे पाणी शेतात शिरते आणि ती जमीन पूर्ववत व्हायला फार काळ लागतो.

प्रत्येक सरावानंतर चिखल गोड्या पाण्याने धुऊन स्विंगआर्मच्या बुशमध्ये ग्रीस भरावे, चेन पुसून तेल लावावे आणि सर्व सांधे, विशेषतः स्टिअरिंगच्या नळीखालचा आणि फूटरेस्टच्या पट्टीचा, हातात दिवा घेऊन तपासावेत. शंका आली तर रंग खरवडून चीर दाखवणाऱ्या लाल द्रवाने त्या जागेची खात्री करून घ्यावी, आणि चीर आढळल्यास तिच्यावर नुसते वेल्डिंग न चढवता तो भाग कापून नवी नळी बसवावी.