निळी रेघ दिसली की थांबा

सहा मिलिमीटर जाडीच्या चोवीस प्लेटा लेझर कटिंगहून आल्या होत्या. प्रत्येकीत चार भोकं, तीन जागेवर आणि चौथं चार मिलिमीटर आत. रबाळे एमआयडीसीतल्या माझ्या पहिल्या नोकरीचा तो पाचवा आठवडा होता. फिटर काकांनी गिअरबॉक्स प्लेटीवर ठेवला, तीन बोल्ट बसवले, चौथा बसेना. दुसरी प्लेट घेतली, तिसरी घेतली, मग मला खाली बोलावलं. त्यांच्या हातातला प्रिंट बरोबर होता. स्क्रीनवर मॉडेलही बरोबर दिसत होतं. चुकलं होतं ते लोखंड.

त्या रात्री रबाळ्याहून ठाण्याला येणाऱ्या गाडीत मी दाराजवळ उभी होते आणि आपल्याला हे काम जमणार नाही असं मला खरंच वाटत होतं. जमलं. पण ती चूक नेमकी कुठे झाली हे नीट समजायला पुढचे तीन महिने गेले. डिप्लोमा किंवा ड्राफ्ट्समनचा आयटीआय संपवून थ्रीडी मॉडेलिंग शिकायला निघालेल्यांचे ते तीन महिने वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

कोणतं सॉफ्टवेअर, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. मी तो लवकर संपवते. गेम, ॲनिमेशन, जाहिरात अशा कामात जायचं असेल तर ब्लेंडर घ्या. ते फुकट आहे आणि २००२ पासून त्याचा कोडही खुला आहे. पण ती वाट वेगळी, आणि तिथलं मला फारसं येत नाही. यंत्राचे भाग, पत्र्याची कामं, साचे यात यायचं असेल तर पॅरामेट्रिक कॅड शिकायचं, म्हणजे कॉम्प्युटरवरचं मापांवर चालणारं ड्रॉइंग. आपल्या टीटीसी पट्ट्यातल्या, म्हणजे नवी मुंबईच्या ठाणे-बेलापूर औद्योगिक भागातल्या, बऱ्याच लहान कारखान्यांत सॉलिडवर्क्स दिसतं, म्हणून क्लासवालेही तेच शिकवतात. घरी सरावाला फ्यूजनची वैयक्तिक वापराची फुकट आवृत्ती चालते. तिच्यात एका वेळी दहाच फाइल्स संपादनासाठी उघड्या ठेवता येतात, शिकणाऱ्याला तेवढ्या पुरतात. लॅपटॉप जुना असेल तर ऑनशेप ब्राउझरमध्ये चालतं, मात्र फुकट खात्यातली प्रत्येक फाइल जगाला दिसते. कंपनीचं ड्रॉइंग तिथे चुकूनही टाकू नका. आणि फ्रीकॅड आहेच. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. त्याआधी मागची एखादी पायरी बदलली की पुढच्या पायऱ्या भलत्याच पृष्ठभागाला जाऊन चिकटायच्या, तो त्रास आता बराच कमी झाला आहे. यातलं कोणतंही एक घ्या आणि सहा महिने बदलू नका. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर पेन ड्राइव्हवर फिरत तुमच्यापर्यंत येईल. घेऊ नका. इतकं फुकट आणि कायदेशीर समोर असताना त्याची गरजच उरलेली नाही.

लॅपटॉपच्या आधी चाक असलेला साधा माउस घ्या. टचपॅडवर मॉडेल फिरवत शिकणारी मुलं आठवड्याभरात कंटाळतात आणि दोष स्वतःला देतात.

आता त्या चौथ्या भोकाकडे येते.

मी प्लेटीचं स्केच, म्हणजे जिच्यावरून मॉडेल उभं राहतं ती सपाट आकृती, काढलं होतं. डावीकडच्या दोन भोकांना मापं दिली. उजवीकडच्या खालच्या भोकाला डावीकडून १४० मिलिमीटर दिले. वरचं उजवं भोक काढताना खालच्या भोकाच्या बरोबर वर ठिपक्यांची रेघ उमटली, म्हणून मी तिथे क्लिक केलं आणि पुढे गेले. माझी समजूत अशी की सॉफ्टवेअरने ते एका रेषेत आहे हे धरून ठेवलं. त्याने तसं काही केलं नव्हतं. सॉलिडवर्क्समध्ये अशी निळी ठिपक्यांची रेघ फक्त ‘सध्या सरळ रेषेत आहे’ एवढंच दाखवते. ती नातं, म्हणजे ‘हे त्याच्या रेषेतच राहील’ असा कायमचा नियम, जोडत नाही. वर्तुळ निळं, म्हणजे मोकळं, राहिलं होतं, बाकी बरंचसं काळं, म्हणजे पक्कं बांधलेलं, झालं होतं, आणि मी ते पाहिलंही होतं. क्लासमध्ये निळ्या-काळ्याचा अर्थ परीक्षेपुरता सांगून झाला होता.

मग गिअरबॉक्स बदलला. १४० चे १४४ करायला सांगितलं. मी माप बदललं, खालचं भोक चार मिलिमीटर सरकलं, वरचं जिथे होतं तिथेच थांबलं. अख्खी प्लेट स्क्रीनवर असताना चार मिलिमीटर डोळ्याला कळत नाहीत. प्रिंटवर भोकांमधलं अंतर एकदाच, खालच्या बाजूला लिहिलेलं होतं, त्यामुळे तिथे १४४ असंच छापून आलं. लेझरवाला प्रिंट पाहून कापत नाही. तो डीएक्सएफ फाइल, म्हणजे यंत्राला कापायच्या रेघा देणारी फाइल, घेतो, आणि ती थेट मॉडेलमधून निघालेली होती.

म्हणून हे सावकाश वाचा. स्केचमधल्या प्रत्येक बिंदूला दोन मोकळीका, म्हणजे बदलायच्या दोन वाटा, असतात, आडवी आणि उभी. आयताचे कोपरे चार, म्हणजे आठ मोकळीका. दोन रेघा आडव्या आणि दोन उभ्या असं नातं दिलं की चार संपल्या. खालचा डावा कोपरा मूळबिंदूला बांधला, आणखी दोन गेल्या. उरल्या दोन, लांबी आणि रुंदी. ती मापं दिलीत की उरलं शून्य, आणि रेघा काळ्या होतात. वर्तुळाच्या मोकळीका तीन असतात, केंद्राच्या दोन आणि त्रिज्येची एक. माझ्या चार भोकांच्या मिळून बारा होत्या. त्या बाराही कुठे कुठे संपवल्या हे मला सांगता यायला हवं होतं. मी मोजल्याच नव्हत्या.

आज तीच प्लेट मी अशी काढते. मूळबिंदू प्लेटीच्या मधोमध. त्याच्याभोवती मदतीच्या रेघांचा एक आयत, त्याच्या चार कोपऱ्यांवर चार वर्तुळं, चारही वर्तुळांना ‘समान’ हे नातं. मग आकडे फक्त तीनच लागतात: एक व्यास, एक आडवं अंतर, एक उभं अंतर. १४० चे १४४ केले की चारही भोकं सारखी सरकतात, कारण चुकायला जागाच ठेवलेली नसते. ऑनशेपमध्येही निळ्या-काळ्याची हीच रीत आहे. फ्रीकॅडमध्ये पूर्ण बांधलेलं स्केच हिरवं होतं आणि किती मोकळीका बाकी आहेत तो आकडा बाजूला लिहून येतो. नवशिक्याला यापेक्षा चांगला शिक्षक नाही, असं माझं मत आहे.

एवढ्यावर मी सुधारले असं नाही. ओरडा खाल्ल्यावर मी दुसऱ्या खड्ड्यात पडले, आणि तो मला पहिल्यापेक्षा वाईट वाटतो. सॉलिडवर्क्समध्ये ‘फुल्ली डिफाइन स्केच’ नावाची आज्ञा आहे. दाबली की सॉफ्टवेअर स्वतःच मापं टाकून सगळं काळं करून देतं. ‘फिक्स’ हे नातंही आहे, ते रेघेला जागच्या जागी खिळा ठोकतं. मी दीड महिना हेच केलं. सगळं काळं, म्हणून सगळं ठीक, अशी समजूत. पण ती मापं सॉफ्टवेअरने कुठूनही धरलेली होती. भोक मध्यभागी हवं म्हणून आहे, की कडेपासून वीसवर हवं म्हणून आहे, हे त्याला कसं कळणार? ते गिअरबॉक्स पाहणाऱ्यालाच माहीत. नंतर माप बदलायला गेलं की मॉडेल लाल होऊन बसायचं. सुरुवातीचं वर्षभर या दोन आज्ञांना हात लावू नका. विनंती नाही, बजावून सांगते आहे.

स्केच झालं की दोन गोष्टी करा. एखादा बिंदू माउसने पकडून ओढा. जो हलला तो मोकळा. मग एखादं माप दुप्पट करा, निम्मं करा, आणि आकार काय होतो ते बघा. वेडावाकडा झाला तर मापं चुकीच्या जागेवरून दिली आहेत. परत पूर्ववत करायचं आणि विचार करायचा. या तपासणीला दोन मिनिटं लागतात. आणखी एक, कडांची गोलाई सगळ्यात शेवटी द्या. ती आधी दिली आणि पुढची स्केचेस त्या गोल कडांना टेकवली, तर गोलाई काढायला सांगितल्या दिवशी अर्धं मॉडेल कोसळतं.

‘शंभर शॉर्टकट’ नावाच्या याद्या सगळीकडे फिरतात. माझं त्यांच्याबद्दल चांगलं मत नाही. हात जलद झाला आणि मोकळीका मोजता येत नसल्या, तर चूकही तितक्याच जलद होते. ठाणे स्टेशनजवळच्या ज्या क्लासला मी गेले तिथे तीन महिन्यांत चाळीस मॉडेल्स काढून घेतली, सगळी तयार चित्र समोर ठेवून. एकदाही कुणी म्हणालं नाही की आता हे माप बदला. सर्टिफिकेट मिळालं, ते फाइलमध्ये आहे. क्लासला जाऊच नका असं मी म्हणणार नाही, घरी कॉम्प्युटर नसेल तर दुसरा मार्गही नसतो. पण पैसे भरण्याआधी विचारा, की बदल करायला शिकवता का?

गुरू मला ऑफिसात मिळाला नाही, खाली शॉपवर मिळाला. प्लेटांच्या प्रकरणानंतर मी जेवणाच्या सुट्टीत फिटर काकांजवळ जाऊन बसायला लागले. आधी ते मला ‘मॅडम’ म्हणायचे. एकदा माझं ब्रॅकेटचं ड्रॉइंग उलटसुलट करून म्हणाले, “पोरी, हे वाकवल्यावर इथे पाना कसा जाणार?” मी मॉडेलमध्ये बोल्ट बसवला होता, पाना धरणारा हात बसवला नव्हता. त्यांच्याकडूनच कळलं की बाहेरून ५० आणि ५० मापाचा एल आकार करायला १०० चा पत्रा लागत नाही. दोन मिलिमीटरच्या पत्र्याला आतून दोनची त्रिज्या असेल तर साधारण साडेशहाण्णव लागतो, कारण वाकताना पत्रा ताणला जातो. सॉफ्टवेअर हे के-फॅक्टरवरून, म्हणजे वाकताना न ताणला जाणारा थर पत्र्यात किती खोल आहे त्या आकड्यावरून, काढतं, पण तो आकडा तुमच्या यंत्राचा आणि पत्र्याचा टाकावा लागतो, नाहीतर उत्तर कागदावरच बरोबर. एम ६ बोल्टचं भोक सहाचं काढू नये, ६.६ चं काढावं, हेही तिथलंच. माझी आई ब्लाऊज शिवते. शिलाईला माया ठेवते, तसंच हे, असं मी घरी सांगितलं तर तिला पहिल्यांदा माझं काम नेमकं काय आहे ते कळलं.

ही माहिती कुठल्या ट्युटोरिअलमध्ये नसते असं नाही. पण माणूस समोर बसून सांगतो तेव्हा ती विसरत नाही. तुमच्या ओळखीत टर्नर, फिटर, वेल्डर कुणी असेल तर त्यांना जाऊन भेटा. अगदी शेजारच्या ग्रिलवाल्याकडेही.

सरावाला घरातल्याच वस्तू घ्या. एक व्हर्निअर कॅलिपर घ्या आणि दाराची बिजागरी मोजा. मग कुकरचं हँडल, नळाची चकती, डब्याची कडी. आधी कागदावर हाताने तीन बाजू काढा, फर्स्ट अँगलमध्ये, म्हणजे वरून दिसणारी बाजू समोरच्या बाजूच्या खाली, कारण आपल्याकडे तीच पद्धत चालते. मग मॉडेल करा. मग बिजागरीची लांबी ७५ ची १०० करा आणि भोकं नीट पसरतात का बघा. पहिली बिजागरी मला चार संध्याकाळी पुरली होती. तुम्हाला आठ लागल्या तरी घाबरू नका, खरंच. पहिल्या महिन्यात सगळ्यांचाच वेग रडवणारा असतो, आणि तो कुठे वाढला ते कळतही नाही.

मुलाखतीला चकचकीत रेंडर केलेली चित्रं नेऊ नका. पाच भागांची एक लहान असेम्ब्ली न्या, तिची ड्रॉइंग्ज न्या, आणि फाइल उघडी ठेवा. महापेला माझी आत्ताची नोकरी मिळाली तेव्हा समोरच्या साहेबांनी माझ्या मोटर ब्रॅकेटकडे बघून एवढंच म्हटलं, “हे १२० चं १५० करून दाखवा.” मी माप बदललं. प्लेट लांबली, चारही भोकं सरकली, खालची पट्टी सोबत गेली, बाजूला एकही लाल खूण आली नाही. त्यांनी माउस माझ्या हातून घेतला, स्वतः एक बिंदू ओढून पाहिला. तो हलला नाही. मग त्यांनी विचारलं, “कळव्याहून येता म्हणालात ना? पावसाळ्यात गाड्या बंद पडल्या तर काय करता?”