ब्राझीलला कामासाठी निघालात? या चुका टाळा

साखर कारखान्यांना यंत्रांचे सुटे भाग पुरवायच्या निमित्ताने ब्राझीलच्या वाऱ्या सुरू झाल्या आणि पहिल्याच खेपेला एक गोष्ट कळली. साओ पाउलो राज्यात मैलोन्‌मैल ऊस दिसतो, बाजारात उसाचा रस मिळतो, माणसं मोकळेपणाने खांद्यावर हात टाकतात, रस्त्यावर कोंडी तर पुण्याला लाजवेल अशी. सगळं ओळखीचं वाटतं. आपल्या लोकांच्या बहुतेक चुका या ओळखीच्या वाटण्यातून होतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

लस जाताना नव्हे, येताना अडवते

सर्वांत महाग पडणारी चूक हीच. पिवळ्या तापाची लस घेतली नसली तरी ब्राझीलमध्ये उतरताना सहसा कोणी विचारत नाही. त्यामुळे लस ऐच्छिक आहे असं समजून लोक निघतात. पण ब्राझील पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत आहे आणि तिथून परतणाऱ्याकडे आपलं सरकार मुंबईच्या विमानतळावर प्रमाणपत्र मागतं. ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. घर तासाभरावर, आणि आपण आत! लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, तिथे वार आणि वेळ ठरलेले असतात, आणि टोचल्यानंतर दहा दिवसांनी प्रमाणपत्र ग्राह्य होतं. म्हणून तिकिटाआधी लसीची तारीख घ्या. एकदा घेतली की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील किंवा वय साठीच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला. प्रमाणपत्राची पिवळी पुस्तिका पासपोर्टसोबत हातातल्या बॅगेतच ठेवा.

दुसरा घोटाळा मार्गाचा. स्वस्त तिकीट दिसलं म्हणून अमेरिकेमार्गे जाणारं विमान घेऊ नका. तिथे नुसतं विमान बदलायलाही व्हिसा लागतो. युरोपातल्या काही देशांत भारतीय पासपोर्टला विमानतळापुरता ट्रान्झिट व्हिसा मागतात. दुबई, दोहा किंवा आदिस अबाबा हे मार्ग सोपे. दुबईहून साओ पाउलोचं एकच उड्डाण साधारण पंधरा तासांचं आहे, तेव्हा पोहोचलेल्या दिवशी मीटिंग ठेवू नका. ब्राझीलचा व्हिसा तर लागतोच. त्यासाठी तिकडच्या कंपनीचं निमंत्रण पत्र वेळेत मागवा.

कधी जायचं

दक्षिण गोलार्ध असल्याने त्यांचा गळीत हंगाम आपल्या उलट, साधारण एप्रिल ते नोव्हेंबर. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतात, तेव्हा त्यांचे विझायला आलेले असतात. डिसेंबर ते मार्च दुरुस्तीचे महिने. ‘तेव्हाच सुटे भाग लागतात, तेव्हाच जाऊ’ असा हिशोब आपण करतो. तो चुकतो, कारण त्या दुरुस्तीची खरेदी तोवर ठरून गेलेली असते. शिवाय नाताळापासून पुढे बरेच अधिकारी रजेवर असतात आणि मग कार्निव्हल हा त्यांचा मोठा उत्सव येतो. तो ईस्टरच्या ४७ दिवस आधीच्या मंगळवारी असतो, पण आधीच्या शुक्रवारपासून दुसऱ्या दिवशीच्या, म्हणजे ‘राखेच्या बुधवार’च्या दुपारपर्यंत काम होईल अशी आशा धरू नका. सुट्टी गुरुवारी आली तर शुक्रवारही जोडून घेतात. आमच्या धंद्यासाठी ऑगस्ट उत्तम. रिबेराओ प्रेतोजवळच्या सेर्ताओझिन्यो गावात तेव्हा फेनासुक्रो हे साखर-इथेनॉलचं प्रदर्शन भरतं आणि भेटायची माणसं एका जागी सापडतात. स्वेटर मात्र न्या. जून ते ऑगस्ट तिथे हिवाळा असतो.

एका खेपेत चार शहरं उरकायचा मोहही टाळा. देश भारताच्या अडीचपट मोठा आहे. साओ पाउलोहून रिबेराओ प्रेतो तीनशेवर किलोमीटर, मोटारीने चार तास.

आकड्यांत फसू नका

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सौदे इथेच बिघडताना पाहिले आहेत.

ब्राझीलमध्ये दशांशाला स्वल्पविराम आणि हजारांना टिंब. आपण १,५०० लिहिलं की ते दीड असं वाचू शकतात आणि त्यांचं १.५०० म्हणजे दीड हजार. कोटेशन पाठवताना रक्कम अक्षरांतही लिहा. लाख-कोटी तर बोलण्यातही आणू नका.

आपण कारखान्याची क्षमता रोजच्या टनांत सांगतो. ते हंगामाला किती दशलक्ष टन ऊस गाळला हे सांगतात. आपण उतारा, म्हणजे उसातून निघालेली साखर, टक्क्यांत बोलतो. ते एटीआर म्हणतात, म्हणजे एका टन उसातून मिळू शकणारी एकूण शर्करा, किलोत. उसाचा दरही त्यावरच ठरतो. ‘उतारा किती?’ विचारल्यावर १४० असं उत्तर आलं तर दचकू नका. ते किलो आहेत. शिवाय त्या उसातून साखर आणि इथेनॉल दोन्ही होतं, त्यामुळे आपला उतारा आणि त्यांचा एटीआर सरळ शेजारी ठेवता येत नाहीत.

आणि वीज! आपल्याकडे ५० हर्ट्झ, तिथे ६०. आपली चार पोलची मोटर इथे मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या हिशोबाने चालते, तिथे १८०० च्या. पंप किंवा पंखा जोडलेला असेल तर वेग वीस टक्के वाढतो आणि लागणारी शक्ती जवळपास पावणेदोन पट होते. ही गोष्ट कोटेशनच्या टप्प्यावर न विचारल्यामुळे मोटर जळालेली मी पाहिली आहे आणि भरपाईवरून तुटलेलं नातंही. हॉटेलातलं व्होल्टेजही गावागणिक वेगळं, कुठे १२७ तर कुठे २२०. मोबाईल-लॅपटॉपच्या चार्जरला दोन्ही चालतात, पण आपली तीन जाड पिनांची प्लग तिथल्या सॉकेटात जात नाही. अडॅप्टर इथूनच न्या.

सॅम्पल बॅगेत टाकून नेत असाल तर एक लक्षात ठेवा: एकाच वस्तूचे दहा नग दिसले की कस्टम्स तो प्रवाशाचा माल धरत नाही. कागदपत्रांसह कुरिअरने आधी पाठवलेले बरे.

पैसे आणि फोन

आपल्या यूपीआयसारखी तिथे पिक्स आहे. त्यांच्या मध्यवर्ती बँकेने २०२० मध्ये सुरू केली आणि आता नारळपाणीवालाही ती घेतो. तुम्हाला मात्र ती सहज वापरता येणार नाही, कारण त्यासाठी तिथलं खातं आणि सीपीएफ हा अकरा आकडी करक्रमांक लागतो. तोच क्रमांक सिमकार्डाला आणि बऱ्याच वेबसाइटवर तिकीट काढायलाही मागतात. म्हणून ई-सिम इथूनच घ्या आणि देशांतर्गत विमानाची तिकिटं निघण्याआधी काढा. दुकानात ‘से-पे-एफी’ असं काही विचारलं तर ‘नाओं’ म्हणा, पुढे काही अडत नाही. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं. सोबत थोडे डॉलर ठेवा, रुपये कोणी बदलून देत नाही.

रस्त्याच्या कडेला उभं राहून मोबाईलवर नकाशा बघू नका. साओ पाउलोत सायकलवरून येऊन फोन हिसकावतात. टॅक्सी इमारतीच्या आत उभं राहून बोलवा. कोणी धमकावलंच तर फोन देऊन टाका, झटापट नको. पोलिसांचा क्रमांक १९०, रुग्णवाहिकेचा १९२.

शाकाहारी मंडळींसाठी

‘सें कार्नी’ म्हणजे मांस नको, असं शिकून लोक जातात आणि ताटात कोंबडी येते. वाढणाऱ्याची चूक नसते. तिथे ‘कार्नी’ म्हटलं की बीफ हेच डोळ्यांसमोर येतं. कोंबडी फ्रांगू, मासा पेइशी, हॅम प्रेझुंतू, अंडं ओवू, ही नावं घेऊनच नको म्हणा. राजम्यासारखी उसळ दिसते, पण तीत बऱ्याचदा डुकराचं मांस घातलेलं असतं, विचारून घ्या. दुपारी ‘पोर कीलू’ पाटी असलेलं हॉटेल गाठा. ताट आपण वाढून घ्यायचं, वजनावर पैसे. भात, भाज्या, कोशिंबिरी, फळं पोटभर मिळतात. चीजचे गोल पाव, पाओं जी केझू, हे आपल्या साबुदाण्याच्याच कंदाच्या पिठाचे असतात. अंडं मात्र त्यात असतं.

‘भेटू या’ म्हणजे भेट नव्हे

तिथली भाषा पोर्तुगीज. स्पॅनिशमधलं पत्रक छापून नेलंत तर पहिल्याच मिनिटाला परकं व्हाल. चार शब्द शिका: बों जिया, पुरुषाने ओब्रिगादू, बाईने ओब्रिगादा. आपल्याला ही भाषा अगदीच नवी नाही. पाव, चावी, काजू, बटाटा हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आले, आणि ‘पगार’ म्हणजे त्यांच्याकडे पैसे चुकते करणं. मीटिंगच्या सुरुवातीला मी हे सांगतो. टेबलावरचा ताण लगेच उतरतो. कॉफी संपेपर्यंत घर, फुटबॉल, शेती यावरच बोला. गावाकडच्या माणसांना गीर गाईंबद्दल विचारलंत तर ती खुलतात, कारण त्यांच्याकडची गीर आणि नेलोर जनावरं मूळ आपलीच.

अंगठा-तर्जनी जोडून ‘छान’ अशी खूण करू नका. तिथे ती शिवी आहे.

‘वामूस मारकार’, भेट ठरवू या, असं हसून म्हणाले म्हणजे भेट ठरली असं नाही. तोंडावर नाही म्हणणं त्यांना जड जातं, आपल्यासारखंच. तारीख आणि वेळ मिळाली तरच डायरीत लिहा. आणि परतल्यावर ईमेलची वाट पाहत बसू नका. कामं व्हॉट्सॲपवर होतात, तीही बोलून पाठवलेल्या निरोपांवर. तिथले सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच. त्या वेळी ऑफिसात थांबा, पहिला निरोप तुम्ही पाठवा, आणि त्यात किमतीआधी त्यांच्या घरच्यांची चौकशी करा.