फिलिंग बदलल्यावर दाढ दुखतेय? मग या चुका टाळा

उजवीकडच्या दोन दाढांतली जुनी चांदीची फिलिंगं काढून पांढरी करून घेतली तो शुक्रवार होता, आणि रविवारी सकाळी नेहमीसारखे पोहे-जलेबी घरी आले तर पोह्यांवरच्या जाड शेवेचा एक तुकडा त्या दाढेखाली सापडला आणि अशी कळ गेली की डोळ्यांतून पाणीच आलं. गार पाणीही लागत होतं, पण ते सहन होण्यासारखं होतं. चावतानाचं दुखणं मात्र वेगळंच होतं. आणि मी काय केलं, तर काहीच नाही, तीन आठवडे डाव्या बाजूने जेवत राहिले. डॉक्टर म्हणाले होते थोडे दिवस दुखेल, म्हणून म्हटलं दुखत असेल, उगाच परत गेलं तर त्यांना वाटेल हिला जरा काही सहन होत नाही. शेवटी आमच्या इंदूरच्या राजेंद्र नगरातल्या शेजारच्या काकूंनी मला एका बाजूने भाकरी चघळताना बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, फिलिंग उंच राहिलं असेल, घासून घे की, माझं पण तसंच झालं होतं." गेले, दहा मिनिटांत काम झालं, इंजेक्शन पण लागलं नाही. तीन आठवडे नुसत्या संकोचापायी गेले हे मला खरंच लागलं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

तर सगळ्यात मोठी चूक हीच, चावताना दुखतंय आणि आपण "बसेल हळूहळू" म्हणून थांबतो. फिलिंग करताना आपला अर्धा जबडा बधिर असतो ना, त्यामुळे डॉक्टर विचारतात "ऊंचा तो नहीं लग रहा?" तेव्हा आपल्याला कळतच नाही आणि आपण मान हलवून नाही म्हणतो. एरवी दातांना इतकं बारीक समजतं की जेवताना केसाचा तुकडा आला तरी लगेच कळतो, पण सुन्न दाढेला ते कुठून कळणार. मग घरी आल्यावर ती दाढ बाकीच्यांच्या आधी टेकते, प्रत्येक घासाला, गिळताना, झोपेत दात आवळले तरी सगळा भार तिच्यावरच. दाढेच्या मुळाभोवती जी धाग्यांसारखी गादी असते ती ठेचली जाते आणि ठणकायला लागते. हे आपोआप बसायची वाट बघत बसू नये.

माझ्या वेळी डॉक्टरांनी दाढेवर निळा कागद ठेवला, दात जिथे टेकतो तिथे त्याचा डाग पडतो, म्हणाले "टक-टक करो", मग "अब दाएँ-बाएँ घिसो", आणि कागद काढून हातात आरसा दिला. बाकी दाढांवर फिकट डाग होते आणि नव्या फिलिंगच्या मागच्या कोपऱ्यावर मोहरीएवढा गडद निळा ठिपका. तो घासला, परत कागद, ठिपका थोडा पसरला, परत घासला, असं चार वेळा, आणि चौथ्यांदा सगळीकडे सारखे डाग आले तेव्हा मी दात मिटले आणि मला तीन आठवड्यांत पहिल्यांदा वाटलं की तोंड नीट मिटलंय. लगेच सगळं दुखणं गेलं असं नाही, ठेचलेली जागा निवायला अजून चार-पाच दिवस लागले. पण तुम्ही फिलिंग करून आलात की दुसऱ्या दिवशी शांतपणे दात मिटून बघा, एकच दाढ आधी लागतेय का, आणि लागत असेल तर फोन करून त्याच आठवड्यात जा. आणि हो, खुर्चीवर आडवं असताना जबडा जरा मागे जातो, म्हणून शेवटी एकदा सरळ बसवून पण कागद लावा असं सांगायला लाजू नका.

दुसरी चूक म्हणजे सगळ्या दुखण्याला एकच दुखणं समजणं. डॉक्टरांना नुसतं "दुखतंय" सांगितलं तर त्यांना पण काय कळणार? गार लागलं की कळ येते आणि घोट गिळल्यावर काही सेकंदांत जाते, हे फिलिंगनंतर बरेचदा होतं. जुनं फिलिंग खोदून काढताना दाढेची नस दुखावते, शिवाय दाताच्या आतल्या थरात अगदी बारीक नळ्या असतात आणि त्यांतलं पाणी हललं की ते नसेला कळतं. पांढरं फिलिंग निळ्या लाइटने कडक करतात तेव्हा ते साधारण 2 ते 3 टक्के आकसतं, म्हणूनच ते थराथराने भरायचं असतं, आणि नीट चिकटलं नाही तर बारीक फट राहून गार जास्त लागतं. हे दुखणं दिवसेंदिवस कमी होत जायला हवं, दोन ते चार आठवड्यांत बरंचसं जातं. माझ्या दुसऱ्या दाढेचं असंच होतं, सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट दोन वेळा लावत राहिले आणि तिसऱ्या आठवड्यानंतर शिकंजी पिताना लक्षात आलं की आज लागलंच नाही. या पेस्टमधे बहुतेक वेळा पोटॅशियम नायट्रेट असतं आणि त्याचा असर यायला दोनेक आठवडे लागतात, लोक चार दिवसांत सोडून देतात आणि म्हणतात काही उपयोग नाही.

पण गरम चहाने कळ येऊन ती मिनिटभर किंवा जास्त रेंगाळत असेल, काही न खाता-पिता आपलं आपणच ठणकत असेल, रात्री आडवं पडलं की वाढत असेल, झोपेतून उठवत असेल, तर मग नस निवण्याच्या पलीकडे गेलेली असू शकते आणि तिथे पेस्ट वगैरे काही कामाचं नाही, रूट कॅनल लागू शकतं. आणि चावताना नाही तर चावून दात सोडताना टचकन कळ येत असेल तर दाढेला बारीक तडा असू शकतो. मोठ्या जुन्या फिलिंगच्या दाढांना असे तडे असू शकतात आणि ते एक्सरेमधे पण बरेचदा दिसत नाहीत, म्हणून हे "सोडताना" दुखतं हे शब्द डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

आता घरचे उपाय. आपल्याकडे दाढ म्हटली की आई-आजी लवंगेचं तेल काढणारच, आणि लवंगेत बधिर करणारं द्रव्य असतं हे खरं आहे. पण फिलिंगने बंद केलेल्या दाढेच्या आत ते पोचणार कसं? ते फक्त हिरडीला लागतं, आणि कापूस भिजवून रात्रभर दाबून ठेवला तर हिरडी भाजते. माझ्या मावशीची अशीच भाजली होती, मग दाढ राहिली बाजूला आणि हिरडीनेच तिला आठवडाभर तिखट खाऊ दिलं नाही. त्याहून वाईट म्हणजे डिस्प्रिनची गोळी दाढेजवळ दाबून ठेवणं, ती अॅसिड आहे, कातडी पांढरी पडून सोलवटते. गोळी पोटात गेली तरच काम करते. कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या करा, त्याने सोललेल्या हिरडीला आराम पडतो, नुकसान काही नाही.

मेडिकलवाल्याला "दाढ दुखतेय, काहीतरी दे" म्हणून अँटिबायोटिक आणणं ही पण आपल्याकडची फार जुनी सवय आहे आणि मला तिची खरंच काळजी वाटते. उंच फिलिंगवर किंवा दुखावलेल्या नसेवर अँटिबायोटिकचा काही असर होत नाही, तीन दिवसांत बरं वाटलं तर ते सोबतच्या पेनकिलरमुळे. साधी पॅरासिटामॉल चालते, मोठ्या माणसाला सगळ्या गोळ्या मिळून दिवसाला 4 ग्रॅमच्या वर नाही, आणि लिव्हरचा त्रास असेल तर त्याहून कमी, डॉक्टरांना विचारून. आयब्युप्रोफेन ठणक्याला चांगली पण जेवून घ्या, आणि अल्सर, किडनी, दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या यातलं काही असेल किंवा दिवस गेले असतील तर विचारल्याशिवाय घेऊच नका.

घास अडकत असेल तर तेही सांगा. दोन दाढांच्या मधलं फिलिंग जरा सैल भरलं गेलं तर तिथे फट राहते आणि पोह्यातली बडीशेप, शेव सगळं तिथेच जाऊन बसतं, मग हिरडी सुजते आणि आपल्याला वाटतं दाढच दुखतेय. टूथपिकने टोचून टोचून फट आणखी खराब होते. ते फिलिंग बहुतेक वेळा परत करून घ्यावं लागतं. आणि बधिरपणा उतरेपर्यंत, म्हणजे दोन-चार तास, काही चावून खाऊ नका, लहान मुलांना तर अजिबात देऊ नका, ती मजेत गाल चावत बसतात आणि संध्याकाळी रडतात.

एक चूक आधीच होते, ती म्हणजे गरज नसताना बदलणं. चांदीच्या फिलिंगमधे साधारण अर्धा भाग पारा असतो हे ऐकून बरेच जण घाबरून सगळी काढून टाकतात. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नजर ठेवणाऱ्या तिथल्या सरकारी संस्थेने, 2020 मधे गरोदर बायका, लहान मुलं, किडनीचा त्रास असलेले अशा काहींना नवीन चांदी शक्यतो भरू नये असं सांगितलं, पण चांगल्या स्थितीतलं जुनं फिलिंग वैद्यकीय गरज नसताना काढू नका हेही त्याचबरोबर सांगितलं. कारण प्रत्येक वेळी काढताना दाढेचा अजून थोडा भाग जातो आणि खड्डा नसेच्या जवळ सरकतो. म्हणून विचारा की का बदलायचंय, खाली कीड आहे का, कडेला तुटलंय का, एक्सरे दाखवा. बदलायचंच असेल तर दोन्ही बाजू एकाच दिवशी करू नका, जेवायला एक बाजू तरी राहू द्या.

फोन करताना मी आता असं सांगते, कुठली दाढ, कधी केलं, गारने की गरमने की चावताना, किती वेळ टिकतं, रोज कमी होतंय की वाढतंय. एवढं ऐकलं की कुठलंही क्लिनिक आज ये की उद्या ये ते नीट सांगू शकतं. खर्चाची अडचण असेल तर इंदूरला एमवाय हॉस्पिटलजवळच्या सरकारी डेंटल कॉलेजात दाखवता येतं, फक्त सकाळी लवकर जा. पण गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळताना त्रास व्हायला लागला तर अपॉइंटमेंट मिळायची वाट बघायची नाही, लगेच निघायचं, आणि श्वास लागत असेल तर रात्रीचे दोन वाजले असले तरी सरळ इमर्जन्सीत.