ग्रुप फोटोचे लाइट: आधी अंतर, मग पॉवर

एका माणसाच्या पोर्ट्रेटला शोभणारी लाइटची मांडणी सहा जणांच्या ग्रुपला जशीच्या तशी लावली, की फोटो हमखास बिघडतो. लाइटजवळचा माणूस पांढराफटक, दुसऱ्या टोकाचा अंधारात, आणि मागच्या रांगेत कुणाच्या तरी गालावर पुढच्याच्या डोक्याची सावली. मग अंधारी बाजू उजळायला आणखी एक लाइट आणायचा मोह होतो. त्याने एक दोष झाकला जातो आणि दोन नवे उभे राहतात. आधी करून पाहायचं ते एवढंच: आहे तोच लाइट मागे न्या.

प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होतो, त्यामुळे जवळच्या लाइटमध्ये अर्धा मीटरसुद्धा महागात पडतो. सहा जण खांद्याला खांदा लावून उभे राहिले की पहिल्या आणि सहाव्या चेहऱ्यात साधारण अडीच मीटर अंतर पडतं. लाइट डाव्या टोकाच्या माणसापासून दीड मीटरवर, ४५ अंशांत ठेवला, तर उजव्या टोकापासून तो ३.७ मीटर लांब राहतो. म्हणजे डावीकडच्याला उजवीकडच्याच्या सहापट प्रकाश, अडीच स्टॉपहून जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा). तोच लाइट कॅमेऱ्याच्या डावीकडे मीटरभर, ग्रुपपासून ४ मीटर मागे नेला, की दोन टोकांची अंतरं होतात ४ आणि ४.६ मीटर. फरक उरतो ३० टक्क्यांचा, एक तृतीयांश स्टॉपच्या जरासा वर. तोही घालवता येतो. लाइटचं तोंड ग्रुपच्या मध्याकडे न ठेवता लांबच्या टोकाकडे वळवा. मग लांबच्या माणसाला प्रकाशाचा मधला जोरकस भाग मिळतो आणि जवळच्याला कडेचा, मवाळ.

मागच्या रांगेलाही हेच गणित लागू आहे. दोन रांगांमध्ये ७० सेंटिमीटर अंतर धरलं, तर दीड मीटरवरच्या लाइटमुळे मागची रांग एक स्टॉपहून जास्त काळवंडते. ४ मीटरवरून तोच फरक अर्ध्या स्टॉपच्या आत येतो.

कोणता लाइट, केवढी छत्री

लाइट मागे नेला की चेहऱ्यांच्या दृष्टीने तो लहान होतो, आणि लहान लाइटच्या सावल्या कडक पडतात. दीड मीटर व्यासाची छत्री (लाइटवर लावायची, प्रकाश पसरवून मवाळ करणारी) ४ मीटरवरून जेवढी दिसते, तेवढीच ५५-६० सेंटिमीटरची छत्री दीड मीटरवरून दिसते. त्यामुळे ६० सेंटिमीटरचा सॉफ्टबॉक्स (लाइटवर लावायची पांढऱ्या पडद्याची पेटी) एकट्या माणसाला छान असला, तरी ग्रुपसाठी अपुरा पडतो. निदान दीड मीटरची छत्री घ्या. १८० सेंटिमीटरची मिळाली तर उत्तम. आतून पांढरी, बाहेरून काळं कापड असलेली परावर्तक छत्री सर्वांत सोयीची: प्रकाश सगळा पुढे जातो आणि खोलीभर उधळत नाही. आतून चंदेरी असलेली छत्री जास्त प्रकाश देते, पण घामेजलेल्या कपाळांवर चमक आणते. आरपार पांढरी छत्री मागेही प्रकाश फेकते, आणि तो रंगीत भिंतीवर आपटून त्या भिंतीचा रंग घेऊन चेहऱ्यांवर येतो.

३०० ते ४०० वॉट-सेकंदांचा (हे फ्लॅशच्या एका झोताच्या ऊर्जेचं माप) एक स्टुडिओ फ्लॅश आठ-दहा जणांना पुरतो. कॅमेऱ्यावर लावायचे छोटे फ्लॅश पूर्ण पॉवरवर ६०-७५ वॉट-सेकंदांच्या आसपास असतात. एका छत्रीत दोन लावून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता) ४०० किंवा ८०० वर काम भागतं. आयएसओ १०० वरून ४०० वर गेलं की फ्लॅशला चौथाई पॉवर पुरते आणि तो पुन्हा चार्जही लवकर होतो. ग्रुपमध्ये हे महत्त्वाचं, कारण कुणाचे तरी डोळे मिटलेले असतातच, आणि पुढची फ्रेम लगेच हवी असते. एलईडीच्या सततच्या लाइटवरही फोटो निघतात, पण त्यावर एफ/८ इतकं लेन्सचं छिद्र आणि १/१२५ सेकंदाचं शटर मिळवायचं तर फार दमदार पॅनेल लागतात आणि माणसं डोळे बारीक करून उभी राहतात. निवडायची वेळ आली तर फ्लॅशच घ्यावा.

मांडणी

छत्रीचा मध्य सगळ्यांत उंच डोक्याच्या बराच वर हवा. अडीच मीटर उंचीपासून सुरुवात करा, छत मोकळं असेल तर आणखी वर न्या, आणि तोंड किंचित खाली झुकवा. फार वर गेलं तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. ओळखायची खूण सोपी आहे: फोटो झूम करून बुबुळात लाइटचा पांढरा ठिपका शोधा. तो वरच्या पापणीखाली लपला असेल, तर स्टँड एक हातभर खाली घ्या.

सावल्या तपासायला टेस्ट शॉटचीही गरज नाही. स्टँडजवळ स्टुलावर चढून छत्रीच्या मध्यापाशी डोळे न्या आणि तिथून ग्रुपकडे बघा. जो चेहरा तिथून पूर्ण दिसत नाही, त्यावर सावली पडणार. लाइट कॅमेऱ्यालगत ठेवण्याचं कारण हेच: कॅमेऱ्याला जे चेहरे दिसतात, ते बहुतेक सगळे त्या लाइटलाही दिसतात. लाइट बाजूला सरकवत गेलात की शेजाऱ्यांच्या सावल्या एकमेकांवर पडायला लागतात.

दहाच्या वर माणसं असतील तर दोन छत्र्या घ्या, सारख्याच मापाच्या, सारख्याच पॉवरवर, कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना मीटर-दीड मीटरवर. डावी छत्री उजव्या टोकाकडे आणि उजवी डाव्या टोकाकडे वळवा. त्या पार खोलीच्या कोपऱ्यांत नेल्या की नाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक सावली पडते. हा दोष कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर दिसत नाही, प्रिंटवर मात्र नजर तिथेच जाते. चेहऱ्यांना थोडा उठाव हवा असेल तर एका बाजूची छत्री मुख्य ठेवा आणि दुसरी कॅमेऱ्याच्या अगदी मागे उंचावर नेऊन एक ते दीड स्टॉप कमी करा. केसांच्या कडा उजळणारा मागचा लाइट ग्रुपला क्वचितच लागतो. तो लेन्समध्ये शिरला तर अख्खा फोटो धुवट होतो.

मागची रांग भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे ठेवा, म्हणजे सावल्या भिंतीवर न पडता जमिनीवर पडतात. स्टँडचा एक पाय छत्रीच्या दिशेला असू द्या, पायांवर वाळूची पिशवी टाका, वायरी जमिनीला टेपने चिकटवा. ग्रुपमध्ये लहान मुलं असली तर हे अजिबात टाळू नका.

छत खूप खाली असेल आणि छत्री वर जातच नसेल, तर फ्लॅश छत्रीशिवाय कॅमेऱ्यामागच्या पांढऱ्या भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात मारा. भिंत आणि छत मिळून खोलीतला सगळ्यांत मोठा लाइट तयार होतो. पॉवर मात्र दोन-तीन स्टॉप जास्त लागते.

कॅमेरा आणि मोजमाप

कॅमेरा मॅन्युअलवर, फ्लॅशही मॅन्युअलवर. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ५० मिमी लेन्स घ्या, जागा कमी असेल तर ३५. २४ मिमीवर कडेची माणसं ताणलेली दिसतात. एक रांग असेल तर एफ/५.६, दोन-तीन रांगांना एफ/८. ५० मिमीवर ४ मीटरला फोकस केला तर एफ/८ वर साधारण २.९ ते ६.४ मीटरपर्यंतचा भाग चांगला शार्प येतो. त्यामुळे तीन रांगांत फोकस पुढून दुसऱ्या रांगेतल्या चेहऱ्यांवर ठेवा. शटर १/१२५ किंवा १/१६०. सिंक स्पीडच्या (फ्लॅशशी जुळणाऱ्या सर्वांत वेगवान शटरच्या) वर गेलात की फ्रेमच्या एका कडेला काळा पट्टा येतो.

आता फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा यायला हवा. खोलीतले पिवळे बल्ब त्यात दिसत असतील तर ते बंद करा, नाहीतर अर्ध्या चेहऱ्यांवर पिवळसर छटा राहील. व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्यातला रंगांचा तोल) ५५०० केल्व्हिनच्या आसपास पक्का ठेवा, ऑटोवर सोडू नका.

लाइट मीटर असेल तर त्याचा पांढरा घुमट कॅमेऱ्याकडे करून डावं टोक, मध्य, उजवं टोक आणि मागच्या रांगेचा मध्य अशा चार जागी मोजा. चारही आकडे एक तृतीयांश स्टॉपच्या आत असले तर पुढे जा. मीटर नसेल तर त्याच चार जागी कुणाला तरी ग्रे कार्ड (ठरावीक करड्या रंगाचं कार्ड) धरायला लावा आणि फोटोंचे हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचे आलेख) ताडून पाहा. एक टोक चढं निघालं तर पॉवरला हात लावू नका. छत्री आणखी दहा-पंधरा अंश लांबच्या टोकाकडे वळवा.

दुसरा फ्लॅश ऑप्टिकल स्लेव्हवर (मुख्य फ्लॅशचा प्रकाश पाहून उडणारा) असेल आणि फोटोत त्याचा प्रकाशच येत नसेल, तर मुख्य फ्लॅश टीटीएलवर (कॅमेरा स्वतः पॉवर ठरवतो त्या मोडवर) राहिला आहे. त्याच्या आधीच्या छोट्या झगमगाटाने स्लेव्ह वेळेआधीच उडतो. रेडिओ ट्रिगर (रेडिओ लहरींनी फ्लॅश उडवणारं उपकरण) वापरला की हा घोळ संपतो.

चष्म्यांवर छत्री पांढरी उमटली तर लाइट वर किंवा बाजूला सरकवा, आणि तेवढ्यापुरती हनुवटी जरा खाली घ्यायला सांगा. तरीही जात नसेल तर चष्म्याच्या दांड्या कानांवर किंचित उचला, म्हणजे काचा खाली झुकतात. लोकांना हे विचित्र वाटतं, फोटोत कळत नाही. तरी चारपाच चष्मेवाले एकाच बाजूला बसले असतील तर त्यांना लाइटपासून लांबच्या टोकाला हलवणं जास्त सोपं.

कॅमेरा ट्रायपॉडवर घट्ट बसवा आणि दहा-पंधरा फ्रेम काढा, फ्लॅश पूर्ण चार्ज झाल्याचा इशारा पाहूनच पुढचं बटण दाबा. घाईत दाबलेली फ्रेम अर्धा स्टॉप काळी येते, आणि नंतर मिटलेल्या डोळ्यांच्या जागी दुसऱ्या फ्रेममधला चेहरा बसवायचा झाला तर त्याचा रंग जुळत नाही.