हीटरची ब्लोअर मोटर बदलताय? या चुका टाळा

जुन्या गाडीचा हीटर हवा फेकेनासा झाला की हवा फेकणारा पंखा फिरवणारी ब्लोअर मोटर गेली असं समजून बहुतेक जण आधी नवी मोटर मागवतात, मग डबा उघडतात आणि शेवटी मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं मीटर) हातात घेतात. हा क्रम बरोबर उलटा हवा. बऱ्याच जुन्या गाड्यांत हीटरचा डबा डॅशबोर्डच्या मागे नाहीतर बोनेटखाली फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) लागून असतो आणि नुसता बाहेर काढायलाच अर्धा दिवस जातो. तोच डबा पुन्हा उघडावा लागला तर त्यामागे बहुतेक वेळा खालच्यापैकीच एखादी चूक असते.

न तपासता मोटरला दोष देणं

जोरातला वेग चालतो, पण हळूचा चालत नाही? मग वेग कमी करणारा रेझिस्टर गेलाय, मोटर नाही. काहीच चालत नसेल तर स्विच पूर्ण वेगावर ठेवा आणि मोटरच्या दोन टोकांवर व्होल्टेज मोजा. वायर काढून नुसत्या वायरीवर मोजलेलं व्होल्टेज फसवतं, कारण करंट वाहत नसला की गंजलेला जोडही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. बॅटरीवर १२.४ असताना मोटरवर ११.५ च्या खाली येत असेल तर मधले व्होल्ट कुठे जातात ते शोधा. मग मीटरचं एक टोक मोटरच्या अर्थवर (गाडीच्या बॉडीला जोडलेल्या टोकावर) आणि दुसरं बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर धरा. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल, पण ०.५ च्या वर गेलं तर अर्थचा जोड घासून स्वच्छ करा. ‘गेलेल्या’ मोटरींपैकी कितीतरी इथेच पुन्हा चालू होतात.

एवढं करूनही संशय उरला तर १० अँपिअरचा फ्यूज लावलेल्या वायरीने मोटरला थेट बॅटरी द्या. फिरली तर मोटर शाबूत आहे. अडखळली, ठिणग्या उडाल्या किंवा बोटाने ढकलल्यावरच सुरू झाली तर ब्रश (करंट आत नेणारे कार्बनचे तुकडे) किंवा ते ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा कम्युटेटर संपलाय.

फिरण्याची दिशा न बघणं

ही चूक सर्वात जास्त वेळ खाते, कारण चूक झाली हेच कळत नाही.

जुन्या ब्रिटिश गाड्यांपैकी बऱ्याच पॉझिटिव्ह अर्थच्या होत्या, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं असायचं. एमजीबीसारखी गाडीसुद्धा १९६७ च्या अखेरीस निगेटिव्ह अर्थवर आली. पुढे कितीतरी मालकांनी अशा गाड्यांची अर्थ उलटी करून घेतली. मोटरमध्ये तारेच्या गुंडाळ्यांचे फील्ड असतील तर पोलॅरिटी उलटली तरी दिशा तीच राहते, कारण फील्ड आणि आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) दोन्हीकडचा करंट एकदमच उलटतो. कायम चुंबकाची मोटर मात्र उलटी फिरते. कोणती आहे ते ओळखायला लोखंडी स्क्रूड्रायव्हर मोटरच्या खोळीला (बाहेरच्या धातूच्या कवचाला) लावा. ओढला गेला तर आत चुंबक आहे. शाफ्ट (मोटरचा फिरणारा दांडा) हाताने फिरवताना अडकत-अडकत फिरत असेल तरी तेच समजा.

एरवी घडतं ते असं. नवी मोटर बसते, आवाज छान येतो, काचेवर थोडी हवाही येते. गोल जाळीसारखा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ढकलतो, फक्त बरीच कमी. त्यामुळे शंका मोटरवर येतच नाही. मालक आधी थर्मोस्टॅट बदलतो, मग हीटर कोअर (गरम कूलंट वाहणारा हीटरचा छोटा रेडिएटर) धुतो, मग तो बदलतोच. झडपांच्या केबल ताणून बघतो. दोन-तीन सुट्ट्या आणि पुष्कळ पैसा गेल्यावर कुणीतरी वायरी अदलाबदल करून बघायला सांगतं आणि पायाशी गरम हवेचा झोत येतो. पाती असलेला साधा पंखा असेल तर प्रकार लगेच लक्षात येतो, कारण तो हवा उलटी खेचतो.

म्हणून मोटर डब्यात घालायच्या आधी टेबलावर चालवा आणि पंख्याच्या पात्यांचा बाक बघून दिशा जुळवा. उलटी असेल तर वायरी बदलायच्या, पण त्याआधी मीटरने दोन्ही टोकं आणि खोळ यांच्यात जोड आहे का ते पाहा. एक टोक खोळीला जोडलेलं असेल तर नुसत्या वायरी बदलल्याने खोळच जिवंत होते आणि बॉडीला टेकताच फ्यूज उडतो. दोन चुंबकांच्या मोटरमध्ये खोळ ब्रशच्या टोकाच्या तुलनेत १८० अंशांत फिरवून बसवली तर दिशा उलटते. मात्र काही मोटरींत ब्रश एकाच दिशेसाठी किंचित सरकवलेले असतात. त्या उलट्या चालवल्या की ठिणग्या वाढतात आणि ब्रश लवकर झिजतात. नवी घेतानाच दिशा विचारा, आणि ती शाफ्टच्या टोकाकडून बघून सांगितलीय की मागून, तेही विचारा.

पंखा ओढून काढणं

पंख्याच्या कडेखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नका. पन्नास वर्षांचं प्लास्टिक तडकतंच, आणि तो पंखा कित्येकदा वेगळा मिळत नाही. आधी क्लिप किंवा ग्रब स्क्रू (डोकं नसलेला, आत बुडालेला स्क्रू) शोधा. शाफ्टचं बाहेर आलेलं टोक बारीक पॉलिश पेपरने गंज जाईपर्यंत घासा, तेल सोडून रात्रभर ठेवा आणि मग पंख्याला मधल्या बुडाखाली आधार देऊन छोट्या पुलरने शाफ्ट ढकला. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारायची सवय ज्यांना आहे त्यांनी ती इथे सोडावी. आतली सिरॅमिक चुंबकं तडकतात आणि मागचा बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) जागेवरून निघतो.

काढण्याआधी मोटरच्या फ्लँजपासून (बसवायच्या कडेपासून) पंख्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची व्हर्निअरने मोजून लिहून ठेवा. पंखा दोन मिलिमीटरने जास्त आत बसला तरी तळाला घासतो, आणि हे डबा बंद झाल्यावरच ऐकू येतं. पात्यांवरच्या बारीक धातूच्या क्लिपा बॅलन्ससाठी असतात. साफ करताना त्या काढू नका.

शाफ्टचा व्यासही मोजाच. पाव इंच म्हणजे ६.३५ मिमी. पंख्याच्या पाव इंची भोकात ६ मिमीचा शाफ्ट घालून टेप गुंडाळणारे भेटतात. असा पंखा थरथरतो आणि नवे बुश खातो.

गंज सोडवणाऱ्या स्प्रेने किंकाळी थांबवणं

थंडीत सुरू करताना किंचाळणारी मोटर मेलेली नसते, तिचे बुश कोरडे असतात. हे बुश सच्छिद्र कांशाचे असतात आणि त्यांच्या छिद्रांत तेल मुरवलेलं असतं. स्प्रे मारला की उरलंसुरलं तेलही धुऊन जातं, आठवडाभर शांतता राहते आणि मग शाफ्टवर ओरखडे पडतात. ग्रीसही नको, ती छिद्रं बुजवते. हलकं टर्बाइन किंवा स्पिंडल ऑइल दोन-तीन थेंब, फेल्टचं वॉशर असेल तर ते भिजेपर्यंत. मोटर उघडलीच असेल तर बुश कोमट तेलात बुडबुडे थांबेपर्यंत बुडवून ठेवा. घाई असणाऱ्यांनी निदान हे काम तरी घाईत करू नये. जोडल्यावर शाफ्ट जड फिरला तर खोळीवर लाकडी दांड्याने हलके टिचके मारा, बुश सरळ होतात.

कम्युटेटर ६०० च्या पेपरने पुसा. एमरी कापड वापरू नका, त्याचे कण खाचांत रुततात.

फ्यूजची गफलत

ब्रिटिश गाड्यांतल्या जुन्या ल्युकस कंपनीच्या काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं. तो आकडा फ्यूज उडण्याचा, सतत सोसायची क्षमता १७ अँपिअर. त्या जागी आधुनिक ३५ चा पात्याचा फ्यूज घातला तर वायर आधी जळते. १५ पुरतो. नवी मोटर जास्त करंट घेणारी असेल तर जुन्या स्विचवर भार न टाकता रिले लावा.

बाकीचं थोडक्यात

बॅटरी सोडवताना आधी अर्थचं टोक काढा, आणि पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत ते पॉझिटिव्ह असतं.

रेझिस्टर हवेच्या झोतातच बसवा, बाहेर टांगलात तर जळेल.

फॅनच्या हाऊसिंगमधून मोटरकडे जाणारी छोटी रबरी नळी असेल तर ती मोटर थंड ठेवण्यासाठी असते, परत लावा.

कूलंटचे पाइप काढायची गरज नसेल तर हात लावू नका. काढायचेच असतील तर इंजिन थंड असू द्या आणि होज उभा चिरून काढा. ओढाल तर कोअरची तोटी निघून येईल. सांडलेला कूलंट लगेच पुसा, कुत्र्या-मांजरांसाठी तो विषारी आहे.

डब्यातला पालापाचोळा काढला तरी तळाचं पाणी निघायचं भोक तारेने मोकळं करायला बरेच जण विसरतात. तिथे साचलेल्या पाण्यानेच बहुतेक जुन्या मोटरींचे बुश आणि शाफ्ट गंजवलेले असतात, आणि नवीचंही तेच होईल.

मोटर बसवल्यावर डबा उघडा असतानाच दोन्ही वेगांवर दहा मिनिटं चालवा. घासण्याचा आवाज, जळका वास, खोळीची ऊब, सगळं तपासा. मगच फोमच्या नव्या पट्ट्या लावून झाकण बंद करा, आणि रबरी माउंटिंगचे नट रबर दबायला लागलं की थांबवा. जास्त आवळले तर मोटरची थरथर थेट डॅशबोर्डमध्ये येते.