नॉर्वेतील खेड्यांमधली लाकडी आणि दगडी चर्च कशी पाहावीत

पश्चिम नॉर्वेतील सोग्न भागात, व्हीक या गावी हॉपरस्टाड हे लाकडी आणि होवे हे दगडी अशी बाराव्या शतकातील दोन चर्च चालत जाण्याजोग्या अंतरावर आहेत. लाकूड आणि दगड यांतला फरक समजून घ्यायचा असेल, तर सुरुवात इथूनच करावी.

हॉपरस्टाडला पोहोचल्यावर छपरावरच्या ड्रॅगनमुखांकडे लगेच नजर वळते, पण आधी पायाशी वाकून पाहावे. वरची बरीचशी बाह्यरचना वास्तुरचनाकार पेटर ब्लिक्स याने १८८० च्या दशकात बोर्गुंडच्या अशाच लाकडी चर्चचा नमुना समोर ठेवून नव्याने घडवली आहे, त्यामुळे मध्ययुगीन सुताराची खरी ओळख खालीच होते. हॉपरस्टाडच्या आधीच्या काळातील लाकडी चर्चचे खांब जमिनीत पुरलेले असत आणि ओलीमुळे ते बुडाशी कुजत. पुढे दगडी जोत्यावर आडव्या तुळया ठेवून त्यांवर खांब उभारले जाऊ लागले, आणि अशी २८ चर्च नॉर्वेत आजही टिकून आहेत. कोपऱ्याचा जाड, गोल खांब तळाशी खाचून एकमेकींना छेदणाऱ्या दोन तुळयांवर कसा बसवला आहे, तो सांधा निवांत न्याहाळावा. माझ्या मते सगळी इमारत त्या हातभर जागेत उलगडते.

नंतर चर्चला फेरी घालावी. लाकडाला पाइनचे डांबर लावलेले असते. दक्षिणेकडे उन्हाने ते लवकर झिजते, म्हणून तिकडची भिंत फिकी आणि उत्तरेकडची काळीभोर दिसू शकते. ऊन तापले की डांबराचा वास येतो; भिंतीला मात्र हात लावू नये.

आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत थांबावे. मूळच्या चर्चमध्ये उजेड प्रामुख्याने छताजवळच्या लहान झरोक्यांतूनच येई. अशा चर्चमधल्या मोठ्या खिडक्या सहसा १५३७ च्या धर्मसुधारणेनंतरच्या असतात. ज्योत पेटवणे कटाक्षाने टाळावे. बर्गनजवळचे फांटॉफ्ट चर्च १९९२ मध्ये जाळले गेले, आणि आज तिथे उभी आहे ती प्रतिकृती.

कोरीवकामासाठी वेगळा दिवस राखून सोल्वोर्नहून फेरीबोटीने उर्नेसला जावे. १९७९ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या चर्चच्या उत्तर भिंतीवरचे, एकमेकांत गुंतलेले प्राणी अकराव्या शतकातील आधीच्या चर्चमधून आणून बसवलेले आहेत.

होवे शेवटी पाहावे. लाकडाच्या चौकटीनंतर तिथल्या भिंतीची जाडी आपोआप जाणवते. हेही चर्च ब्लिक्सनेच सावरले, तेही स्वतःच्या पैशाने, आणि त्याच्या रक्षेचा कलश त्याच भिंतीत चिणलेला आहे.