नेतृत्व बदलले की विक्रीची व्याख्या? लेखाशास्त्रात संशोधन सुरू करणाऱ्यांसाठी

कंपनीचा मुख्य कार्यकारी अधिकारी बदलला की तिचे हिशोबही बदलतात का, या प्रश्नावर मी वाणिज्य विद्याशाखेत पीएच.डी. केली. प्रबंध स्वीकारला गेला, मौखिक परीक्षाही पार पडली, तरी त्यातील आठ महिने आठवले की अजून पोटात कालवते. याच विषयाकडे वळणाऱ्यांचे तेवढे महिने वाचावेत, म्हणून हे लिहीत आहे. सिनॉप्सिस, कोर्सवर्क, सल्लागार समितीपुढचे सादरीकरण हे सर्व तुम्हाला ठाऊक आहे, असे मी धरून चालते. संस्थेच्या निर्णयांत शिखरावरच्या माणसांचा स्वभाव आणि पूर्वानुभव उमटतो, ही हॅम्ब्रिक आणि मेसन यांची १९८४ ची मांडणी तुम्ही वाचलेली असणार. नवा अधिकारी पहिल्याच वर्षी बुडीत येणी, पडून राहिलेला माल आणि फसलेली गुंतवणूक एकदम निर्लेखित करतो, म्हणजे तोटा म्हणून हिशोबातून काढून टाकतो, तोट्याचा दोष आधीच्या माणसाकडे जातो आणि पुढच्या वर्षी नफा उजळून दिसतो, हा ‘बिग बाथ’चा सिद्धान्तही तुम्हाला माहीत असेल. मला तोच भारतीय कंपन्यांत शोधायचा होता.

२०१२-१३ ते २०१८-१९ या काळातील शेअर बाजारात नोंदलेल्या उत्पादक कंपन्या मी घेतल्या आणि नफ्याची हाताळणी मोजण्यासाठी सुधारित जोन्स प्रारूप वापरले. जोन्स यांचे मूळ प्रारूप १९९१ चे, तर डेचौ, स्लोन आणि स्वीनी यांनी केलेली सुधारणा १९९५ ची. विक्रीतील वाढ वजा येण्यांतील वाढ आणि स्थिर मालमत्तेचा (इमारती, यंत्रे इत्यादींचा) आकार यांवरून कंपनीची अ‍ॅक्रुअल्स (रोकड न हलता हिशोबात धरलेल्या रकमा, म्हणजे नफा आणि रोख आवक यांतील फरक) साधारण किती असावीत याचा अंदाज हे प्रारूप बांधते, आणि प्रत्यक्षातील अ‍ॅक्रुअल्स त्यापेक्षा जितकी जास्त किंवा कमी असतील तितकी व्यवस्थापनाच्या मर्जीची मानते. याचा अर्थ असा की विक्रीचा आकडा चुकला तर अंदाज चुकतो, अंदाज चुकला तर उरलेला फरक चुकतो, आणि त्या चुकलेल्या फरकाला आपण एखाद्या माणसाच्या हेतूचे नाव देऊन बसतो. हे वाक्य मी आज इतक्या सहज लिहिते आहे, पण ते समजायला मला आठ महिने लागले.

माझ्या तक्त्यांत निष्कर्ष अगदी स्वच्छ उतरला होता. ज्या कंपन्यांत २०१६-१७ मध्ये नेतृत्व बदलले, त्यांची मर्जीची अ‍ॅक्रुअल्स त्या वर्षी ऋण होती आणि २०१७-१८ मध्ये धन झाली होती. आधी सफाई, मग उजळपणा, असे ते पुस्तकात दिलेले चित्रच होते. मार्गदर्शकांनी तक्ते पाहून समाधान व्यक्त केले, मी एका चर्चासत्रात निबंध वाचला आणि तो छापलाही गेला.

सुट्टीत मामांकडे गेले होते. ते सहकारी साखर कारखान्याच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी माझे कागद चाळले आणि विचारले, “अगं, ह्या विक्रीत एक्साइज आत आहे की बाहेर?” मला उत्तर देता आले नाही.

आता हा सापळा सविस्तर सांगते, कारण तो वरवर पाहून ध्यानात येत नाही. जुन्या लेखामानकांनुसार कंपनी विक्रीतून उत्पादन शुल्क, म्हणजे मामांनी विचारलेली एक्साइज, वजा करून निव्वळ विक्री दाखवत असे. नवी भारतीय लेखामानके, म्हणजे इंड एएस, ५०० कोटी रुपये किंवा अधिक निव्वळ मूल्य (मालमत्ता वजा देणी) असलेल्या कंपन्यांना १ एप्रिल २०१६ पासून आणि शेअर बाजाराच्या मुख्य व्यासपीठावर नोंदलेल्या उरलेल्या बहुतेक कंपन्यांना १ एप्रिल २०१७ पासून लागू झाली. त्यांत उत्पादन शुल्क विक्रीच्या आकड्यात आले आणि खर्चाच्या बाजूला वेगळी ओळ म्हणून दिसू लागले. पुढे १ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला. हा कर सरकारच्या वतीने गोळा केलेला असल्यामुळे तो विक्रीत धरत नाहीत. म्हणजे २०१७-१८ च्या पहिल्या तिमाहीची विक्री शुल्कासह आणि उरलेल्या नऊ महिन्यांची करावाचून, अशी एकाच वर्षात दोन मापे झाली.

आकड्यांत पाहा. एखादी कंपनी दर वर्षी शुल्क वगळून १,००० कोटींचा माल विकते आणि त्यावर १२.५ टक्के उत्पादन शुल्क आहे असे समजा. व्यवसायात एक रुपयाचाही फरक पडलेला नाही. २०१५-१६ च्या जुन्या अहवालात तिची विक्री १,००० कोटी दिसेल, २०१६-१७ च्या नव्या अहवालात १,१२५ कोटी, २०१७-१८ मध्ये सुमारे १,०३१ कोटी आणि २०१८-१९ मध्ये पुन्हा १,००० कोटी. आधी साडेबारा टक्क्यांची वाढ, मग आठ टक्क्यांहून अधिक घट, आणि दोन्ही केवळ कागदावर. ग्राहकाकडून येणे असलेल्या रकमेत मात्र कर आधीही होता आणि नंतरही राहिला, त्यामुळे येणी विक्रीबरोबर हलली नाहीत. २०१६-१७ मध्ये विक्री वाढलेली दिसल्यामुळे प्रारूपाने अधिक अ‍ॅक्रुअल्सची अपेक्षा केली, ती आढळली नाहीत म्हणून फरक ऋण आला आणि मी त्याला ‘सफाई’ म्हटले. पुढच्या वर्षी हेच उलट घडले आणि मी त्याला ‘उजळपणा’ म्हटले.

तुम्ही विचाराल की ही चूक सगळ्याच कंपन्यांत झाली असेल, तर तुलनेत ती कटायला हवी होती. मीही पहिले दोन आठवडे याच आशेवर होते. पण माझ्या नमुन्यात नेतृत्वबदल प्रामुख्याने मोठ्या, व्यावसायिक व्यवस्थापनाच्या कंपन्यांत झाले होते आणि त्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे १ एप्रिल २०१६ पासून, नव्या मानकांवर गेल्या होत्या. ज्यांच्याशी मी त्यांची तुलना करत होते त्या बहुतांशी लहान, प्रवर्तक कुटुंबांनी चालवलेल्या आणि दुसऱ्या टप्प्यातल्या होत्या. दुसऱ्या टप्प्यातील तशाच कंपनीची विक्री २०१७-१८ मध्ये जुन्या आकड्याच्या तुलनेत तीन टक्क्यांनी वाढलेली दिसते, तर त्याच वर्षी पहिल्या टप्प्यातील कंपनीची घटलेली दिसते. चूक दोन्ही गटांत होती, पण उलट दिशांनी, आणि नेमक्या त्याच रेषेवर मी नेतृत्वबदलाची पाटी लावली होती.

उपाय कष्टाचा आहे, अवघड नाही. सर्व वर्षांची विक्री उत्पादन शुल्क वगळून घ्या; नव्या मानकांच्या नफातोटा पत्रकात शुल्काची ओळ वेगळी असते, ती वजा करता येते. पेट्रोल, डिझेलसारखे पेट्रोलियम पदार्थ वस्तू व सेवा कराबाहेर राहिले आणि तंबाखूवर त्या कराबरोबर उत्पादन शुल्कही राहिले, म्हणून त्या कंपन्या वेगळ्या तपासा. दोन वर्षांतील फरक काढताना दोन्ही आकडे शक्यतो एकाच वार्षिक अहवालातून घ्या, कारण नव्या अहवालात मागील वर्ष नव्या मानकांनुसार पुन्हा मांडलेले असते. जुन्या मानकांकडून नव्यांकडे जाताना काय बदलले याची हिशोबांना जोडलेली टीप वाचल्याशिवाय त्या कंपनीला नमुन्यात घेऊ नका. मी दुरुस्ती केल्यावर तो देखणा निष्कर्ष बहुतेक विरला, आणि जे उरले ते लहान होते, पण त्याची जबाबदारी मी घेऊ शकत होते.

याच काळात इतरही खड्डे आहेत, ते थोडक्यात सांगते. कंपनी कायदा २०१३ ने आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपवणे बंधनकारक केले, त्यामुळे त्या बदलाच्या काळात काही कंपन्यांची वर्षे नऊ किंवा पंधरा महिन्यांची आहेत. त्याच कायद्यातील लेखापरीक्षक बदलण्याच्या तरतुदीमुळे २०१७-१८ मध्ये असंख्य कंपन्यांचे लेखापरीक्षक एकाच वेळी बदलले. १ एप्रिल २०१९ पासून भाडेपट्ट्यांचे नवे मानक आले आणि मालमत्ता व घसारा दोन्ही फुगले. तुमचा काळ तिथवर जात असेल तर हेही पाहा.

नेतृत्वबदलाची तारीखही जपून धरा. फेब्रुवारीत आलेला अधिकारी ३१ मार्चच्या हिशोबांवर मे महिन्यात सही करतो. ते वर्ष त्याचे की आधीच्याचे, हे तुम्हाला ठरवावे लागते आणि ठरवल्याचे कारण लिहावे लागते. वडील कार्यकारी अध्यक्ष आणि मुलगा व्यवस्थापकीय संचालक असलेल्या कंपनीत पदनाम बदलले म्हणजे नेतृत्व बदलले असे मानू नका. वित्तप्रमुखाला विसरू नका, कारण शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१५ च्या नियमावलीनुसार आर्थिक पत्रकांविषयीचे प्रमाणपत्र तो आणि मुख्य कार्यकारी अधिकारी असे दोघे देतात, आणि अ‍ॅक्रुअल्सचे निर्णय त्याच्या टेबलावरून जातात.

पैसे देऊन सांख्यिकी करून घेण्याला माझा ठाम विरोध आहे. विश्लेषण करून देणारा माणूस रकान्यांची नावे पाहतो. रकान्याचा अर्थ कोणत्या तारखेला बदलला हे त्याला ठाऊक नसते आणि ते त्याचे कामही नसते. ‘पूर्ण सहमत’ ते ‘पूर्ण असहमत’ अशा पाच पर्यायांची प्रश्नावली व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवून ‘नेतृत्वशैली’ मोजणारे प्रबंध लवकर पूर्ण होतात हे मी जाणते, पण प्रश्नावली भरणारे बहुतेक जण कधी वित्तप्रमुख नसतातच. मार्गदर्शक निवडताना त्यांच्या नावावर किती शोधनिबंध आहेत यापेक्षा ते तुमच्यासमोर एखाद्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडून टिपा वाचतात का, हे पाहा. माझे मार्गदर्शक सज्जन होते आणि अडचणीच्या काळात त्यांनी मला सांभाळले, तरी तक्ता देखणा आहे म्हणून त्यावर विश्वास ठेवण्याची चूक आम्ही दोघांनी मिळून केली.

घाबरून विषय मात्र सोडू नका. आकडे उतरवून घेण्याआधी चाळीस कंपन्यांचे अहवाल हाताने वाचा. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावर ते विनामूल्य मिळतात. पहिले दहा अहवाल डोके उठवतील, विसाव्यापर्यंत टिपांची भाषा ओळखीची होईल, आणि तिसाव्याच्या पुढे विक्रीत अकारण उडी दिसली की तुमचा हात आपोआप टिपेकडे जाईल. आम्हा वाणिज्याच्या विद्यार्थ्यांचा हा हात कच्चा राहतो, कारण बी.कॉम.ची तीन वर्षे आपण रोजकीर्द, तेरीज आणि ताळेबंद जुळवण्यात घालवतो, आणि ताळेबंदामागच्या पन्नास पानांच्या टिपा कुणी वाचून घेत नाही. मी आता तृतीय वर्षाच्या वर्गात २०१६-१७ आणि २०१७-१८ ची नफातोटा पत्रके शेजारी शेजारी देते आणि विक्री का घटली ते विचारते. बहुतेक जण मंदी, नोटाबंदी किंवा स्पर्धा असे लिहितात. शुल्काच्या ओळीवर बोट ठेवणारे एकदोघे दर वर्षी निघतात आणि त्यांच्यासाठी मी तास संपल्यावरही थांबते.

चर्चासत्राच्या संग्रहात छापलेला माझा तो निबंध अजून तसाच आहे. दुरुस्ती छापावी म्हणून मी संपादकांना दोनदा लिहिले, उत्तर आले नाही. म्हणून प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात त्या निबंधाचा निष्कर्ष चुकीचा असल्याचे कारणासह नोंदवले आहे. साहित्य-आढावा करताना तो तुमच्या हाती लागला, तर कृपया त्याचा आधार घेऊ नका.